आप्पांच्या समोर तू बोललीस

माणगाव

प्रिय आये,

आज दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरली तेव्हा डॉक्टरांनी चहा मागवला. हातातलं मासिक बाजूला ठेवून मला म्हणाले, इंदूताई, तिकडे परदेशात कंपवातावर एक नवीन औषध देऊन बघतायत. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागलीत म्हणे. आपल्याकडे यायला वेळ लागेल, पण येईल.

मी तोंडाला लावायला घेतलेला कप खाली ठेवला. दोघांनाही तुझीच आठवण झाली होती, हे न बोलता कळलं.

म्हणून घरी आल्याबरोबर लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक आहे मला. पण ही बातमी तुला सोडून सांगू कोणाला? जरा थांबायला काय झालं होतं गं? जन्मभर सगळ्यांची वाट बघत बसलीस, जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसलीस, आणि इथे मात्र घाई केलीस!

तुझे हात मला दोन्ही तऱ्हांनी आठवतात. आधीचे आणि नंतरचे. आधीच्या हातांची तांदळाची भाकरी अशी पातळ असायची की काकी म्हणायची, हिच्या भाकरीतून पलीकडचं गाव दिसतं. पीठ परातीत मळून तू ते हातावरच थापायचीस, आणि थापताना बांगड्यांचा जो ताल असायचा तो मला अजून ऐकू येतो. बोर्लीच्या बाजारातून बाबांचा कोणी दोस्त आला की मुद्दाम जेवणाच्या वेळेला यायचा. तू आतून हसायचीस. तुला कौतुक आवडायचं, फक्त कुणी तोंडावर केलेलं आवडायचं नाही.

नंतरचे हात आले ते हळूच आले. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरायला लागलं, बसल्या जागी वात वळत असल्यासारखं. आळीतल्या बायकांना तर वाटलं, ही देवासाठी वाती वळतेय. एकीने कापूसही आणून दिला. तू घेतलास, तिला हसून पान दिलंस, आणि ती गेल्यावर तो हात पदराखाली दडवून बसलीस. मग भाकरी परातीतच फाटायला लागल्या. मग पाण्याचा तांब्या हिंदकळायला लागला. मग एक दिवस तू काकीला म्हणालीस, आजपासून भाकरीचं तू बघ. त्या दिवशी तू जेवली नाहीस, हे मला काकीनेच नंतर सांगितलं.

आता तुला आवडणार नाही असं एक बोलते. आपल्या घरच्या रीतीची मला गंमत वाटायची, आणि रागही यायचा. बाबा मुंबईला गिरणीत, आणि गावचं घर, शेत, गुरं सगळं आप्पांच्या हातात. बाबांचे थोरले भाऊ, काकीचे नवरे, म्हणजे तुझे थोरले दीर. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस! भांडण नव्हतं. उलट त्यांच्या पानात काय कमी पडलंय हे काकीच्या आधी तुला कळायचं. पण थोरल्या दिरासमोर पदर नाकापर्यंत आणि तोंड बंद, ही रीत.

मग काही सांगायचं झालं की तू गोठ्याच्या दाराशी जायचीस आणि गाईला सांगायचीस. "कपिले, भात गिरणीत न्यायचं ऱ्हायलंय गो." ओटीवर बसलेले आप्पा ऐकायचे, उठायचे आणि पोतं बांधायला घ्यायचे. त्यांनाही तुला काही सांगायचं असलं की ते ओटीच्या खांबाला सांगायचे. उद्या चार पाहुणे येणार आहेत, असं त्या बिचाऱ्या खांबाला कितीदा ऐकावं लागलं असेल! आपल्या कपिलेएवढी घरातली माहिती पंचक्रोशीत कुठल्या गाईला नसेल.

हसतेस ना?

हसू नकोस. कारण कपिलेलाही तू एक गोष्ट सांगितली नव्हतीस.

माझं लग्न होऊन मी माणगावला आले, आणि पुढच्या वर्षी मला दिवस गेले. माहेरी राहायला आले तेव्हा तू सगळ्या आळीला सांगून ठेवलंस की बाळाला न्हाऊ मीच घालणार. पाय लांब करून, त्यावर बाळ उताणं घेऊन, डोक्यावर तेल जिरवून. तुझे हात तेव्हा असे होते की स्वतःच्या कपाळाचं कुंकूही काकी लावायची. ओलं, तेलाने निसरडं झालेलं मूल त्या हातांत कसं द्यायचं? हे मी बोलले नाही, तूही नाही. पण तू एकदा माझ्या पोटावर हात ठेवलास, तो हलायला लागला, आणि तू पटकन काढून घेतलास.

त्यात बोर्लीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं की माणगावच्या डॉक्टरांनी एका बाईला गोळ्या दिल्या आणि ती आता सुईत दोरा ओवते. झालं! बाबांनी मुंबईहून निरोप पाठवला, हयगय करू नका. आप्पांनी खांबाला सांगितलं, परवाची यष्टी धरायची आहे. आणि तू ठेवणीतलं लुगडं नेसून निघालीस, एखाद्या कार्याला निघाल्यासारखी. घाटात तुझा हात गाडीच्या दांडीवर थरथरत होता आणि तू माझ्या कानात सांगत होतीस, न्हाणीत दगड नीट बसवून घेऊ, पाणी तुंबता कामा नये.

त्या दिवसाचं सगळं लिहिते. तुला माहीत आहे, पण मला लिहायचंय.

दवाखान्यात आप्पा खुर्चीवर बसले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात काठी. तू बाकावर, पदर नाकापर्यंत. मी तुझ्या शेजारी. डॉक्टरांनी तुझा हात मनगटापाशी धरून फिरवून पाहिला, तुला चालायला लावलं, वळायला लावलं. मग कपाटातून एक बाटली काढली आणि एक लहान पांढरी गोळी टेबलावरच्या कागदावर ठेवली.

ते म्हणाले, या गोळीने हात बराच शांत होतो, पण ही सगळ्यांना चालत नाही. सुरू करण्याआधी मला काही गोष्टी विचारायला लागतात. त्यातली डोळ्यांची सगळ्यात महत्त्वाची. डोळ्याच्या आत ताण वाढण्याचा एक आजार असतो. तो असेल आणि ही गोळी दिली तर दृष्टी जाऊ शकते. मग मी ही देणार नाही. तेव्हा जे असेल ते खरं सांगा.

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्यांनी विचारलं तुला, आणि उत्तरं दिली आप्पांनी.

लघवी अडते का? आप्पांनी भिंतीकडे बघत घाईघाईने सांगितलं, न्हाय न्हाय. पोट साफ होतं का? व्हय. छातीत धडधडतं का? न्हाय. कधी भ्रम होतो, गोंधळल्यासारखं होतं? छे, लय हुशार हाय. आणखी कुणाचं औषध, काढा, मुळी काही चालू आहे? न्हाय. शेतावर उन्हात राबतात का, कारण या गोळीने घाम कमी येतो आणि ऊन बाधतं? आता न्हाय, आता सावलीलाच बसून आसते.

सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीचं सांगावं तसं आप्पा तुझं सांगत होते. त्यात लबाडी नव्हती गं. घरच्या बाईचं दुखणं चारचौघांत मांडायचं नाही, आणि घरच्या बाईच्या वतीने थोरल्याने बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि तुझे हात बरे व्हावेत म्हणून ते आदल्या दिवशी ग्रामदेवतेला नारळ ठेवून आले होते. पण तुझं आतलं दुखणं त्यांना कळणार कुठून? तू तर त्यांच्याशी कधी बोललीच नव्हतीस!

मग तो प्रश्न आला. डोळ्यांचा काही त्रास?

"न्हाय," आप्पा म्हणाले, "नजर घारीसारखी हाय."

डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली मान घालून बसलेली. त्यांनी पेन उचललं आणि कागद पुढे ओढला.

मी तुझ्याकडे बघत होते, आये. तुझी नजर त्या गोळीवर होती. पदराच्या कडेखालून तू तिच्याकडे बघत होतीस, आणि मांडीवर तुझी बोटं वात वळत होती. माझा हात तू घट्ट धरलास, इतका की बांगडी रुतली. आणि मग सोडलास.

"मला इचारा, डॉक्टर," तू म्हणालीस. "डोळं माझं हायत."

आप्पांची काठी खाली पडली. ती उचलायचंही कोणाला सुचलं नाही.

तू पदर मागे सारला नाहीस, पण आवाजही खाली आणला नाहीस. सांगितलंस की दिवेलागणीला दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. तांबडं, हिरवं, पिवळं. त्या दिवशी भुवईच्या वर असं ठणकतं की कधी उलटी होते. मग झोपलं की जातं. चुलीच्या धुराने होत असेल असं वाटायचं. आणि कडी? "वय झालं की समद्यांनाच तशी दिसत आसतील, आसं वाटलं मला."

तुला सगळ्यांनाच दिसत असतील असं वाटलं! किती दिवाळ्या तू आमच्याबरोबर पणत्या लावल्यास, आणि तुला दिसत होतं ते आमच्यापेक्षा निराळं होतं. एकदा तरी बोलायचंस. मला नाही तर त्या कपिलेला तरी सांगायचंस!

डॉक्टर उठून तुझ्याजवळ आले. तुला डोळे मिटायला सांगितले आणि पापण्यांवरून दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, डोळा कडक लागतोय. मुंबईला मोठ्या इस्पितळात लगेच न्या. काचबिंदू असावा. वेळ घालवू नका. आणि टेबलावरची ती गोळी त्यांनी परत बाटलीत टाकली.

मी रडले. तू नाही रडलीस.

तुला कळत होतं ना, काय घालवतेयस ते? डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तू गप्प बसली असतीस तर गोळ्यांची पुडी हातात पडली असती, आप्पांचा शब्द राहिला असता, रीत राहिली असती. आणि काही महिन्यांनी माझं बाळ तुझ्या पायांवर असतं. आणि कदाचित तुला ते दिसलं नसतं. एवढा सगळा हिशोब तू त्या बाकावर बसल्या बसल्या मांडलास कधी? मी पुढे एकदा विचारलं होतं तुला, तेव्हा तू शेंगा निवडत होतीस, म्हणजे निवडायचा प्रयत्न करत होतीस. म्हणालीस, "न्हाऊ कुनीबी घालील गो. बघायचं माझं मलाच हाय."

परतीच्या यष्टीत आप्पा पुढच्या बाकावर बसले होते, पाठमोरे. म्हसळा आलं. मला वाटलं, आता घरी जाऊन काय होतंय देव जाणे. मग आप्पा पुढेच बघत म्हणाले, "इंदे, तुझ्या आयशीला सांग, मी डॉक्टरला खोटं सांगत नव्हतो. मला म्हायती नव्हतं."

आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "ठाव हाय मला, भावजी."

भावजी! ती हाक मी तुझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आप्पांनीही नसावी. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मुंबईला बाबांनी रजा काढली. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की डाव्या डोळ्याची थोडी नजर गेलीय ती आता येणार नाही, पण उरलेली राखता येईल. ती गोळी सुरू केली असती तर काय झालं असतं, हे बाबांनी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते बाबांनी मला कधी पुरतं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, तुझ्या आईने आपली नजर आपणच वाचवली.

माझा लेक झाला तेव्हा न्हाऊ काकीने घातलं. तू पाटावर बसून होतीस, हात मांडीखाली दाबून. आणि काय त्या तुझ्या सूचना! पाणी कढत आहे, मान धर, कानात जाईल, उलटा कर, पाठ चोळ, एवढं नाही. काकी शेवटी वैतागून म्हणाली, मग तूच ये. आणि दोघी हसत सुटलात. तू मात्र पापणीही लवू देत नव्हतीस. त्याच्या पाठीवरची जन्मखूण पहिली तूच पाहिलीस.

मला तुझा अभिमान वाटतो, आये. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात कोण म्हणतं? पण तुझ्याबद्दल दुसऱ्यांना सांगताना माझी मान ताठ होते, हे माझ्या नवऱ्याने मला सांगितलं.

तुला दुसऱ्या खेपेला दाखवायला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तुमच्यामुळे मी आता बाई आली की पुरुषमाणसांना पडवीत बसवतो. पण तरी बायका माझ्याशी बोलत नाहीत. इथे एखादी बाई हवी. तू लगेच माझ्याकडे बोट केलंस. बोट थरथरत होतं, पण रोख चुकला नाही! मला विचारलंस तरी का? नवऱ्याला विचारायच्या आधीच मी नोकरीला लागले होते.

आणि तू गावात काय उद्योग मांडलास ते मला मागून कळलं. कोणाच्या सुनेला ताप येऊ दे, कोणाच्या लेकीचं पोट दुखू दे, बोर्लीच्या दवाखान्यात तू बरोबर जाणार. सासरा नाहीतर दीर उत्तर द्यायला लागला की तू म्हणणार, "तुमचं पोट दुखतंय काय? मंग तिला बोलू दे." लोक आधी चिडले. एकाने आप्पांकडे तक्रार नेली. आप्पा त्याला म्हणाले, बरोबर सांगते ती.

मग तुझे दिवस भरत आले. चालणं गेलं. चेहरा थिजल्यासारखा झाला, हसलीस तरी कळेना. आणि शेवटी आवाज गेला. म्हणजे होता, पण वाऱ्याने पान हलावं तेवढाच. ज्या आवाजाने डॉक्टरांचं पेन थांबवलं होतं, तो आम्हाला कान देऊनही ऐकू येईना. याचा मला फार राग येतो, आये. आता कुठे बोलायला लागली होतीस!

आप्पा तेव्हा तुझ्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थांबले. थोरले दीर, सत्तरी उलटलेले, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, आणि कान तुझ्या तोंडाशी. तू ओठ हलवायचीस. ते ऐकायचे. नाही कळलं तर म्हणायचे, पुन्हा बोल. आम्ही कोणी समजू शकत नव्हतो ते त्यांना समजायचं.

डॉक्टर माणगावहून मुद्दाम आले होते, आठवतं? त्यांनी दारातून येता येता आप्पांनाच विचारलं, काय म्हणतात, कशा आहेत? सवयीने विचारलं असेल.

"थांबा," आप्पा म्हणाले. "तिला इचारतो."

आणि वाकले. बराच वेळ वाकून राहिले. त्यांच्या पाठीला त्रास होत होता, मला दिसत होतं. मग सरळ होऊन त्यांनी सांगितलं, "ती म्हंते, दुखत कायबी न्हाय. पर पानी गिळताना ठसका लागतो, त्याचं भ्या वाटतं. आनि म्हंते, डॉक्टर एवढं लांबून आलेत, त्यांना च्या द्या." तुझ्या शब्दांत त्यांनी पदरचं काही घातलं नाही. मी चहा करायला आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून पोटभर रडले.

तर आता हे नवीन औषध. येईल तेव्हा लोक धावतील, आपण धावलो होतो तसे. आशा अशीच असते, तिला दोष कसा देऊ? पण आये, मी त्या दवाखान्यात बसलेय. डॉक्टरांना मी आजच सांगून टाकलं की आलं तर आधी मला सांगा, कोणाला चालतं, कोणाला नाही, काय काय विचारायचं.

तुला वचन देते. आपल्या भागात कोणाचेही हात कापत आले, तरी गोळीच्या आधी मी सगळं विचारेन, डोळ्यांचं, लघवीचं, धडधडीचं, घरच्या काढ्याचं सुद्धा. आणि ज्याचं दुखणं त्यालाच विचारेन. बरोबरचं माणूस उत्तर द्यायला लागलं तर त्याला पडवीत बसवून चहा देईन. आणि बाई गप्प बसली, मान खाली घालून बसली, तर कागद पुढे ओढू देणार नाही डॉक्टरांना. बाहेर कितीही गर्दी असली तरी तिच्याशेजारी बाकावर बसेन, आणि ती बोलेपर्यंत उठणार नाही.

तुझीच,
इंदू